पंधरावी सीट

अमेरिकेत बहुतेक राज्यांमध्ये पंधरा जणांची मोठी व्हॅन चालवायला वेगळं लायसन्स लागत नाही. १९८६ च्या केंद्रीय कायद्यानं व्यावसायिक लायसन्सची रेषा आखली, ती चालक धरून सोळा किंवा त्याहून जास्त माणसं नेण्यासाठी बनवलेल्या वाहनांपाशी. पंधरा आसनांची व्हॅन तोवर रस्त्यावर आलेलीच होती. डॉजनं ती १९७१ मध्ये आणली, फोर्डनं १९७८ मध्ये, आणि पुढे १९९० मध्ये जनरल मोटर्सनंही. ही सगळी वाहनं रेषेच्या एक पाऊल अलीकडे राहिली. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं याहून कडक आहेत. बाकी ठिकाणी मात्र ज्यानं आयुष्यभर होंडा सिव्हिक चालवली आहे असा माणूस शनिवारी सकाळी सहा मीटर लांबीची गाडी बाहेर काढून चौदा जणांना घेऊन महामार्गाला लागू शकतो.

जुन्या गाड्यांच्या बाजारात ही व्हॅन कधी कधी दहा वर्षं वापरलेल्या टोयोटा कॅमरीच्या शेजारीच उभी असते, आणि दोघींच्या किमतीही फार लांब नसतात. मग साहजिकच आसनांचा हिशेब सुरू होतो. तेवढ्याच पैशात पाच जागा घ्यायच्या की पंधरा? मोठं कुटुंब, एखादं छोटं देऊळ किंवा चर्च, मुलांची शिबिरं भरवणारी संस्था, अशा सगळ्यांना हा हिशेब भुरळ घालतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. सेडानमध्ये एक बसला काय आणि पाच बसले काय, तिच्या वागण्यात फारसा फरक पडत नाही. रिकामी व्हॅन आणि भरलेली व्हॅन या मात्र दोन वेगळ्या गाड्या असतात, आणि विकणारा दाखवतो ती नेहमी रिकामीच.

आधी दोघींचा बांधा पाहू. २०१२ च्या आसपासची कॅमरी सुमारे ४.८ मीटर लांब, दीड मीटरला थोडी कमी उंच आणि वजनाला साधारण दीड टन. फोर्डची ई-३५० ही लांब प्रवासी व्हॅन सहा मीटर लांब, दोन मीटरहून उंच आणि रिकामी असतानाच पावणेतीन टनांच्या घरात जाणारी. अमेरिकन घरांच्या गॅरेजचं दार बहुधा सात फूट, म्हणजे २.१३ मीटर उंचीचं असतं. व्हॅन त्यातून गेलीच तर छप्पर आणि चौकट यांच्यात बोटभर जागा उरते आणि लांबीमुळे गॅरेजचं दार बंद होत नाही. म्हणजे ती कायम बाहेर, उन्हापावसात आणि बर्फात. शहरातल्या बहुमजली पार्किंगच्या तोंडाशी उंचीची जी पाटी लावलेली असते, ती सेडानवाला कधी वाचतही नाही. व्हॅनवाल्याला ती वाचल्याशिवाय आत शिरता येत नाही.

आतली रचना तर आणखी वेगळी. कॅमरीचा सांगाडा आणि बॉडी एकाच तुकड्यासारखी जोडलेली असते. ई-३५० ही मुळात ट्रक: खाली पोलादी चासी, तिच्यावर बोल्टनं बसवलेला डबा. इंजिन बहुतेक वेळा व्ही-८, आणि त्याचा मागचा भाग चालकाच्या उजव्या गुडघ्यापाशी थेट आत घुसलेला. त्यावर एक मोठं झाकण असतं. स्पार्क प्लग बदलायचे तर मेकॅनिकला निम्मं काम पुढच्या सीटच्या जागी वाकून, ते झाकण काढून करावं लागतं. सेडानच्या साध्या कामाला जेवढी मजुरी पडते, त्याहून व्हॅनची बरीच जास्त पडते ती अशा अडचणींपायी. चाकाला पाचऐवजी आठ नट, टायर ट्रकचे, ब्रेकही ट्रकचे. उलट बाजूनं सांगायचं तर याच गोष्टींमुळे तिचं यंत्र चिवट असतं. फोर्डनं हा साचा दशकानुदशकं फारसा न बदलता वापरला, त्यामुळे सुटे भाग कुठेही मिळतात आणि कुठल्याही गावातल्या गॅरेजवाल्याला ती उघडायला भीती वाटत नाही.

आता जुन्या गाडीच्या भूतकाळाकडे वळू. १९७० साली जॉर्ज ॲकरलॉफ या तरुण अर्थशास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. निबंधाचा विषय जुन्या गाड्यांचा बाजार. गाडी चांगली की बिघडकी हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सरसकट बेताचीच किंमत देऊ करतो, त्या किमतीला चांगली गाडी विकायला मालक तयार होत नाही, आणि बाजारात हळूहळू बिघडक्या गाड्याच जास्त उरतात. ही साधी वाटणारी मांडणी पुढे विमा, कर्ज आणि नोकऱ्यांच्या बाजारालाही लागू पडली, आणि २००१ मध्ये ॲकरलॉफना स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

सेडानच्या बाबतीत ही मांडणी अगदी चपखल बसते. कुटुंबाची गाडी बहुधा एक-दोन माणसांनीच चालवलेली असते. तेल कधी बदललं, गिअर टाकताना झटका केव्हापासून बसतो, कोणत्या पार्किंगमध्ये बंपर घासला, हे सगळं त्यांना माहीत असतं. ते सांगतील की नाही हा वेगळा प्रश्न, पण माहिती कुठेतरी अस्तित्वात असते, आणि ती उकरून काढायची साधनंही आहेत. १९८१ पासून अमेरिकेत प्रत्येक गाडीला सतरा अक्षरांचा ओळख क्रमांक असतो. त्याच्या आधारे अपघात, मालकी आणि विम्याच्या नोंदी काढता येतात. १९९६ पासूनच्या मोटारींना डॅशबोर्डखाली एक ठरावीक जोडणी असते. स्वस्तातलं यंत्र तिथं लावलं की इंजिननं नोंदवून ठेवलेल्या तक्रारी वाचता येतात. मीटर मागे फिरवणं हा १९७२ पासून केंद्रीय गुन्हा आहे. तरी तो थांबलेला नाही, म्हणून पायाखालचे पेडल आणि स्टीअरिंगवरची झीज मीटरवरच्या आकड्याशी ताडून पाहायची असते.

सेडानला स्वतःची दुखणी नाहीत असं कोणी समजू नये. २००७ ते २००९ च्या चार सिलिंडरच्या बऱ्याच कॅमरींचं इंजिन तेल पिऊ लागलं आणि टोयोटाला त्यासाठी वाढीव हमी द्यावी लागली. १९९८ नंतरच्या काही वर्षांतल्या व्ही-६ होंडा अकॉर्डचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लवकर जायचे, हे अमेरिकेतला कोणताही गिअरबॉक्सवाला सांगेल. सगळ्यात गंभीर भाग एअरबॅगचा. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधलं रसायन उष्णतेनं आणि दमटपणानं बिघडत गेलं, आणि छोट्याशा धडकेतही धातूचे तुकडे चालकाच्या अंगावर उडू लागले. अमेरिकेच्या इतिहासातली सर्वांत मोठी परत-बोलावणी त्यातून झाली. २००१ आणि २००२ च्या होंडा सिव्हिक आणि अकॉर्डमधल्या काही एअरबॅग इतक्या धोकादायक होत्या की चाचण्यांमध्ये त्या फुटून तुकडे होण्याची शक्यता निम्म्यापर्यंत निघाली, आणि २०१६ मध्ये सरकारनं त्या गाड्या दुरुस्तीखेरीज चालवूच नका असं सांगितलं. दुरुस्ती फुकट होती. पण तीन मालक बदललेल्या गाडीच्या चौथ्या मालकापर्यंत पत्र पोहोचेलच असं नाही. ओळख क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहणं हे काम दोन मिनिटांचं आहे, आणि ते न करता जुनी सेडान घेणाऱ्याला मी तरी धाडसी म्हणणार नाही.

व्हॅनच्या बाबतीत ॲकरलॉफची मांडणी थोडी वेगळ्या ठिकाणी जाऊन अडकते. इथे घेणाऱ्याला तर माहीत नसतंच, पण विकणाऱ्यालाही बहुधा माहीत नसतं. या गाडीचा पहिला मालक क्वचितच एखादं कुटुंब असतो. हॉटेल, चर्च, विद्यापीठ, वृद्धाश्रम, भाड्यानं गाड्या देणारी कंपनी, असं कोणीतरी असतं. वीस-पंचवीस चालकांच्या हातून ती गेलेली असते आणि तिचा आवाज बदललाय हे कोणाच्याच कानाला लागलेलं नसतं. विमानतळ ते हॉटेल फिरणाऱ्या व्हॅनचं मीटर कमी दाखवतं, पण दारात एसी लावून तासन्‌तास चालू ठेवलेल्या इंजिनची झीज मीटरला कळत नाही. चर्चच्या व्हॅनचं उलट. ती आठवडाभर उभी आणि रविवारी तासभर चालते. तिच्या टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, आणि टायर मात्र बारा वर्षांचे, उन्हात वाळलेले. टायरच्या कडेवर शेवटी चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३०९ असेल तर २००९ चा तेविसावा आठवडा. व्हॅन पाहायला गेल्यावर इंजिनचं झाकण उघडण्याआधी गुडघे टेकून हे आकडे वाचावेत.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. १९८५ पासून अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या डीलरला प्रत्येक गाडीच्या काचेवर एक छापील कागद लावावा लागतो: हमी आहे की ‘आहे तशी’ विकतोय, कोणते भाग तपासून घ्यावेत, वगैरे. नियम चांगला आहे. पण त्यात ‘वाहन’ म्हणजे काय याची व्याख्या आहे, आणि मालासह जास्तीत जास्त वजन साडेआठ हजार पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३,८५० किलोच्या आत असलेली गाडीच त्या व्याख्येत बसते. पंधरा आसनी व्हॅनचा हा आकडा नऊ हजार पौंडांच्या वर असतो. म्हणजे कॅमरीच्या काचेवर कागद लावणं सक्तीचं आणि शेजारच्या व्हॅनच्या काचेवर नाही. सरकार प्रमाणित करतं तो मायलेजचा आकडाही या व्हॅनना कधी लागलाच नाही. छप्पर दाबलं गेल्यावर त्यानं किती भार सोसावा याचा जुना नियम तर सहा हजार पौंडांपर्यंतच्याच गाड्यांना होता. तो दहा हजारांपर्यंत वाढवायचा निर्णय २००९ मध्ये झाला. लायसन्सची रेषा, वजनाची रेषा, छपराची रेषा, प्रत्येक रेषेशी ही गाडी अशी उभी राहिली की नियम तिच्या बाजूनं निघून गेले. यात कोणाचा कट होता असं मला वाटत नाही. रेषा आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एका बाजूला मोटार होती, दुसऱ्या बाजूला ट्रक आणि बस. ट्रकच्या चासीवर बसून गावाला निघालेलं कुटुंब त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हतं.

आता मूळ मुद्दा. २००१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनानं, ज्याला सगळे निट्सा म्हणतात, पंधरा आसनी व्हॅनबद्दल जाहीर इशारा दिला. एकट्या गाडीच्या अपघातांचा अभ्यास करून त्यांनी सांगितलं, की दहा किंवा जास्त माणसं बसलेली व्हॅन उलटण्याचं प्रमाण हलक्या भरलेल्या व्हॅनच्या जवळजवळ तिप्पट असतं. इशारा पुढच्या वर्षांत पुन्हा पुन्हा द्यावा लागला.

असं का होतं ते समजून घ्यायला अवघड गणित लागत नाही. गाडी किती सहज उलटेल याचा पहिला अंदाज दोन मापांवरून येतो: डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. अंतराला उंचीच्या दुपटीनं भागलं की जो आकडा येतो तो जितका मोठा, तितकी गाडी जमिनीला घट्ट. साध्या मोटारींचा हा आकडा १.३ ते १.५ असतो. व्हॅन, पिकअप आणि एसयूव्ही यांचा १.० ते १.३. आता माणसं बसवा. अमेरिकन नियमांत माणूस ६८ किलोचा धरतात. पाच माणसं म्हणजे ३४० किलो, आणि तीही कॅमरीत रस्त्यापासून जेमतेम अर्धा मीटर उंचीवर बसलेली. व्हॅनमध्ये पंधरा जण म्हणजे टनाहून थोडं जास्त, आणि त्यांची बैठकच उंचावर. गुरुत्वमध्य वर सरकतो, आकडा खाली येतो.

एवढ्यावर थांबत नाही. या व्हॅनमध्ये पुढे दोन जण, मग तीन-तीनचे तीन बाक आणि सगळ्यात मागे चार जणांचा बाक अशी बैठक असते. फोर्डनं लांब व्हॅन बनवताना पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं साडेतीन मीटरचं अंतर तसंच ठेवलं आणि डबा पाठीमागे अर्धा मीटर वाढवला. म्हणून शेवटचा बाक मागच्या ॲक्सलच्याही पलीकडे, अधांतरी लोंबतो. तिथे चार माणसं आणि त्यांच्या पाठीमागे बॅगा ठेवल्या, की भार मागे जातो, पुढची चाकं हलकी होतात आणि मागचे टायर दबतात. चालकानं स्टीअरिंग थोडं जास्त वळवलं, किंवा एक चाक कडेच्या मातीत उतरलं म्हणून तो दचकून गाडी परत ओढायला गेला, की शेपूट बाहेर फेकली जाते, गाडी आडवी होते आणि उलटते. जनरल मोटर्सनं १९९६ च्या नव्या एक्सप्रेसमध्ये लांब व्हॅनच्या चाकांमधलं अंतरही वाढवून ३.९ मीटरच्या पुढे नेलं. कागदावर हा फरक छोटा दिसतो, पण या दोन जुन्या व्हॅनमधून एक निवडायची झाली तर मी आधी टेप घेऊन हेच मोजेन.

टायर या सगळ्यातला सर्वांत कच्चा दुवा. ई-३५० च्या पुढच्या टायरमध्ये ५५ आणि मागच्यात ८० पीएसआय हवा लागते. सेडानला ३२ ते ३५. आयुष्यभर सेडानमध्ये हवा भरलेला माणूस व्हॅनच्या मागच्या टायरमध्ये ५० भरून समाधानानं परततो. निट्सानं रस्त्यावरच्या गाड्या तपासल्या, तेव्हा ७४ टक्के पंधरा आसनी व्हॅनच्या टायरमध्ये हवेचा दाब लक्षणीय चुकीचा निघाला. मोटारींत हे प्रमाण ३९ टक्के होतं. हवा कमी असलेला जुना टायर, त्यावर पूर्ण भार, उन्हाळ्याचा रस्ता आणि ताशी शंभरच्या पुढचा वेग, एवढं एकत्र आलं की टायर फाटतो. २६ सप्टेंबर २००५ रोजी उत्तर युटामध्ये शेतीच्या अभ्यासदौऱ्याहून परतणाऱ्या युटा स्टेट विद्यापीठाच्या व्हॅनचा टायर फुटला आणि ती महामार्गावरून बाहेर जाऊन उलटली. आत अकरा जण होते. आठ विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक त्यात गेले. अशा अपघातांत मरण पावलेल्यांपैकी बहुसंख्यांनी पट्टा लावलेला नव्हता, हेही निट्सा वर्षानुवर्षं सांगत आली आहे. मागच्या बाकावर बसणाऱ्याला आपण बसमध्ये बसलोय असं वाटतं, आणि बसमध्ये पट्टा कोण लावतो?

मुलांना शाळेत नेण्यासाठी नवी पंधरा आसनी व्हॅन विकायला केंद्रीय कायद्यानं डीलरला बंदी आहे. शब्द ‘नवी’ असा आहे. जुनी व्हॅन या बंदीत येत नाही. तिचा निर्णय राज्यांवर सोडलेला, आणि राज्याराज्यांत नियम वेगळे.

पुढे गाड्या सुधारल्या. घसरू लागलेल्या गाडीला एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जनरल मोटर्सच्या या व्हॅनमध्ये २००४ पासून आणि फोर्डच्या २००६ पासून आली. २०१२ च्या मॉडेलपासून दहा हजार पौंडांपर्यंतच्या सगळ्याच गाड्यांना ती सक्तीची झाली. टायरची हवा कमी झाल्याचा दिवा २००८ च्या मॉडेलपासून. डॉजनं आपली जुनी व्हॅन २००३ मध्ये बंद केली. फोर्डनं २०१५ च्या मॉडेलपासून युरोपात घडलेली ट्रान्झिट अमेरिकेत आणली आणि ई-सीरीजची प्रवासी व्हॅन थांबवली. म्हणजे जुनी व्हॅन घेताना वर्ष हा किमतीपुरता तपशील राहत नाही. २००३ ची आणि २००७ ची ई-३५० बाहेरून ओळखू न येण्याइतक्या सारख्या दिसतात, आणि दोघींमध्ये मला वाटतं किमतीहून कितीतरी मोठा फरक आहे.

आता पेट्रोलचा हिशेब करू, कारण व्हॅन घेणारा शेवटी त्यावरच बोट ठेवतो. चार सिलिंडरची कॅमरी शहर आणि महामार्ग मिळून लिटरला साधारण १२ किलोमीटर देते. व्ही-८ व्हॅन साडेपाचच्या आसपास. वर्षाला २० हजार किलोमीटर चालवली तर कॅमरीला सुमारे १,६७० लिटर लागतात, व्हॅनला ३,६४०. फरक जवळजवळ दोन हजार लिटरचा. माणशी हिशेब केला तर व्हॅनवाला म्हणेल, माझी गाडी स्वस्त. खरं आहे, पण किती माणसं बसल्यावर? चार जण घेऊन जाणारी कॅमरी एका लिटरमध्ये चार माणसांना १२ किलोमीटर नेते, म्हणजे ४८ माणूस-किलोमीटर. व्हॅनला एवढं गाठायला नऊ माणसं लागतात. आठ जण असतील तर दोन कॅमरी नेल्या तरी पेट्रोल व्हॅनपेक्षा थोडं कमीच जळतं. नऊ माणसांपासून व्हॅन परवडू लागते, आणि दहा माणसांपासून ती निट्साच्या इशाऱ्याच्या कक्षेत येते. परवडणारी व्हॅन आणि सुरक्षित व्हॅन यांच्यामध्ये एवढीच जागा शिल्लक आहे. म्हणून अनेक चर्च आणि विद्यापीठांनी शेवटचा बाक काढून टाकला आणि पंधराची गाडी अकराची केली. अशी अकरा आसनी जुनी व्हॅन बाजारात दिसली तर जागा कमी म्हणून नाक मुरडू नये. आधीच्या मालकानं इशारा वाचला होता एवढं तरी त्यावरून कळतं.

आपल्याकडे रस्त्यावर दिसते ती आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर. तिची घडण वेगळी, इंजिन डिझेलचं, आणि ती चालवणारा बहुधा पेशानं चालकच असतो. पण अष्टविनायकाला निघालेल्या ट्रॅव्हलरच्या टपावर वळकट्या, गॅसची शेगडी आणि पाण्याचे कॅन बांधलेले दिसले, की गुरुत्वमध्याचा नियम मावळ तालुक्यातही तोच आहे हे विसरता येत नाही.

अमेरिकन कुटुंबांनी सेडान की मोठी व्हॅन या पेचातून आपली वाट फार पूर्वीच काढली होती. सत्तरच्या दशकात मोठ्या व्हॅनच्या आत गालिचे घालून, फिरत्या खुर्च्या बसवून, बाहेर सूर्यास्ताची चित्रं रंगवून सहलीला जायचा नाद होता. १९८३ च्या अखेरीस क्रायस्लरनं मोटारीच्या पायावर बांधलेली, पुढच्या चाकांवर चालणारी, गॅरेजात मावणारी मिनीव्हॅन आणली आणि कुटुंबं मोठ्या व्हॅनमधून उतरून तिच्यात जाऊन बसली. मोठी व्हॅन संस्थांकडे आणि कारागिरांकडे राहिली. सेडानचंही पुढे काही वेगळं झालं नाही. १९९७ पासून बहुतेक वर्षं कॅमरी अमेरिकेतली सर्वाधिक खपाची मोटार होती, तरी एसयूव्हीनं सेडानची जागा खाल्ली. २०१८ मध्ये फोर्डनं उत्तर अमेरिकेत सेडान बनवणं थांबवणार असं जाहीर केलं आणि २०२० मध्ये त्यांची फ्यूजन ही सेडान बंद झाली. शांतपणे चालवलेली, एका हाती राहिलेली सेडान शोधणाऱ्यानं म्हणूनच जपानी नावांकडे आधी पाहावं. त्यातल्या पुष्कळ गाड्या केंटकीत आणि ओहायोतच बनलेल्या असतात.

मोठ्या व्हॅनला तिचं खरं घर मिळतं ते बाक काढल्यावर. वायरमन, प्लंबर, गावोगाव फिरणारा वाद्यवृंद, व्हीलचेअर चढवायची लिफ्ट बसवून घेणारं कुटुंब, यांना कुठलीही सेडान पुरी पडत नाही. सामानाचं वजन ठरलेलं असतं आणि ते कुठे ठेवायचं हे मालकाच्या हातात असतं. फळ्या खालच्या बाजूला, जड पेट्या मागच्या ॲक्सलच्या पुढे, आणि छपरावर शिडीखेरीज काही नाही, एवढं पाळलं तर ती व्हॅन तीन लाख किलोमीटर सहज जाते. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क अशा बर्फाच्या प्रदेशातली असेल तर मात्र आधी खाली वाकून चासी पाहायची. रस्त्यावर टाकलेलं मीठ आधी तिला खातं, मग सरकत्या दाराच्या रुळाला.

राहिलं न्यू जर्सीतल्या किंवा शिकागोजवळच्या मराठी घराचं. भारतातून आईबाबा, काका-काकू आणि चुलत भावंडं आली की नायगाराला सगळ्यांनी एकाच गाडीतून जायचं असा आग्रह निघतो, आणि आग्रह करणाऱ्यांत बाबाच पुढे असतात. वर्षातल्या त्या चार दिवसांसाठी मोठी व्हॅन विकत घेऊन उरलेले दिवस तिच्यात एकट्यानं ऑफिसला जाण्यात अर्थ नाही. घरात कॅमरी ठेवावी आणि व्हॅन भाड्यानं घ्यावी. भाड्याची व्हॅन बहुधा दोन-तीन वर्षांचीच असते, तिला सावरणारी यंत्रणा असते आणि टायरही ताजे. चालवणाऱ्याचं वय पंचविसाच्या वर असावं ही अट बऱ्याच कंपन्या घालतात आणि ती योग्यच आहे. घेताना दहा-बारा आसनांची मिळते का ते विचारावं. पंधराचीच मिळाली तर माणसं पुढून भरत यावीत आणि शेवटचा बाक मोकळा ठेवावा. बॅगांची रास तिथे रचायचा मोह होईल. त्या बॅगा मधल्या बाकांच्या पायापाशी, खालीच ठेवाव्यात, नाहीतर शेजाऱ्याची एक सेडान मागून घ्यावी आणि काकांना तिची किल्ली द्यावी.